कोकण रेल्वेच्या दुहेरीकरणासाठी गावाने निवेदनात नेमकं काय मागावं?

सरसकट ‘रोहा ते ठोकूर दुहेरी मार्ग’, म्हणजे कोकण रेल्वेचा सगळाच मार्ग दुहेरी, असं मागू नका. दोन स्टेशनं नेमून तेवढ्याच टप्प्याचं दुहेरीकरण किंवा मधे क्रॉसिंग स्टेशन (जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात) मागा. तसं झालेलंही आहे: रोहा-वीर हा सुमारे ४७ किमीचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, आणि कडवई, वेरवली, खारेपाटण ही स्टेशनं मागाहून वाढवली. एकेरी मार्गावर समोरची एक्सप्रेस येऊन जाईपर्यंत आपली पॅसेंजर लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, ताटकळते. ती मिनिटं आठवडाभर तारीखवार लिहून निवेदनाला जोडा. सगळा मार्ग मागितलात तर बोगद्यांच्या खर्चाचं उत्तर तयारच असतं. मात्र क्रॉसिंग स्टेशन झालं म्हणजे गाडी थांबेलच असं नाही, थांब्यासाठी अर्ज वेगळा करा.