तिथीची जत्रा रविवारी घ्यावी का?

प्रश्न : आमच्या गावच्या देवळाला लागूनच तळे आहे आणि कार्तिकात तिथे वार्षिक उत्सव होतो. नोकरीनिमित्त पणजी-वास्कोला राहणाऱ्या तरुण मंडळींचा आग्रह आहे की, उत्सव तिथीऐवजी जवळच्या रविवारी घ्यावा, म्हणजे त्यांना येता येईल, पर्यटक वाढतील आणि फेरीतल्या, म्हणजे जत्रेच्या बाजारातल्या, दुकानदारांचाही धंदा होईल. वडीलधारी मंडळी ऐकायला तयार नाहीत. आपले मत काय?
– एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : तिथी हलवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तरुणांची अडचण खरी आहे आणि तिची सोय लावता येण्यासारखी आहे.

गोव्यातल्या पाण्याकाठच्या उत्सवांचे दिवस धर्मशास्त्राने ठरवले हे खरे. पण ते पाऊस, पीक आणि पाण्याची पातळी यांच्याशीही घट्ट बांधलेले आहेत. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरचा चिखलकालो हा चिखलातला उत्सव आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होतो. आदल्या दिवसापासून देवळात अखंड भजन चाललेले असते. ते संपले की अंगाला तेल चोपडलेले मुलगे आणि बाप्येही पटांगणात उतरतात, चिखलात लोळतात, पारंपरिक खेळ खेळतात. अंगण गुडघाभर मऊ व्हायला पाऊस चांगला मुरलेला असावा लागतो, आणि तो त्याच सुमारास मुरतो. 24 जूनला सांजाव, म्हणजे ख्रिस्ती बांधवांचा सेंट जॉनचा सण होतो, तोही पहिल्या पावसाने विहिरी-तळी भरू लागल्यावरच. फुलांचा मुकुट घातलेली मुले त्यात उड्या घेतात. ऑगस्टमध्ये भाताला पहिली कणसे धरली की चर्चमध्ये कणसाचें फेस्त, म्हणजे नव्या पिकाचा सण होतो आणि चतुर्थीच्या दिवसांत हिंदू घरांत नव्याची पूजा होते. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात, तेव्हा पुराचा गढूळपणा ओसरलेला असतो आणि पात्रात पाणीही पुरेसे असते. आपला उत्सव कार्तिकातलाच असल्याने हे आपण अनुभवलेलेच असेल.

वैशाखात याच्या उलट स्थिती असते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीला हाती बेत (वेताची काठी) घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, तळीत स्नान करतात आणि पहाटेपूर्वी होमकुंडातून जातात. वर्षातले सर्वांत कमी पाणी असते, ते नेमके तेव्हा. एवढ्या लोकांच्या स्नानाला पुरेल इतके पाणी वैशाखात टिकवायचे, तर तळीची निगा वर्षभर राखावी लागते. शिरगाव हे खाणपट्ट्यातले गाव असून, खाणींमुळे विहिरींचे पाणी खाली गेल्याचे गाऱ्हाणे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे मांडले आहे, हेही इथे विसरता येत नाही.

पूर्वी ही निगा आणि उत्सव यांचा खर्च एकाच ठिकाणाहून होत असे. गावकारीच्या, म्हणजे पुढे कोमुनिदाद म्हटल्या गेलेल्या, गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या उत्पन्नातून बांध आणि मानशी (पाणी अडवण्या-सोडण्याची दारे) दुरुस्त होत, आणि देवळाचा खर्चही त्याच उत्पन्नातून भागे. पावसाळ्यानंतर तळ्यात अडवलेले पाणी वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताला सोडत. कुडचड्याचे नंदा तळे आजही अशाच साठवणीवर खालची शेती पोसते. 2022 मध्ये ते गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. हल्ली मात्र देवस्थानची समिती वेगळी, पंचायत वेगळी आणि तळ्याला वाली कोणीच नाही, अशी गत अनेक गावांत दिसते. आपल्या गावचा वाद केवळ दिनदर्शिकेवर अडून राहिला, तर तळ्यात साचणाऱ्या गाळाचा विषय कोणी काढणारच नाही, ही आमची खरी काळजी आहे.

पर्यटक येण्यासाठी तिथी मोडावी लागत नाही. चिखलकालो आणि विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा या दोन्हींना अलीकडे सरकारी पाठबळ मिळाले, बाहेरून गर्दी लोटू लागली. तिथ्या होत्या तिथेच आहेत. गर्दी झाली की जत्रा यशस्वी झाली, असेही नाही. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. देवळाकडे जाणारी चिंचोळी वाट किती माणसे पेलू शकते, हे आधी मोजा आणि मगच जाहिरात करा.

तरुणांसाठी आम्ही असे सुचवतो. पूजा, पालखी आणि तळ्यावरचा विधी तिथीलाच होऊ द्यावा. नाटक, भजनी मंडळांच्या स्पर्धा आणि खाजे-लाडवांची फेरी लगतच्या शनिवार-रविवारपर्यंत वाढवावी; त्याला वडीलधाऱ्यांचा विरोध होण्याचे कारण उरणार नाही. शोभेचे दारूकाम मात्र तळ्याच्या काठी ठेवू नये, कारण कार्तिकापासून करमळीसारख्या तळ्यांवर स्थलांतरित बदके उतरू लागतात आणि आपल्या तळ्यावरही ती येत असतील. निर्माल्यासाठी काठावर वेगळी कुंडी बांधावी.

शिवाय शहरात राहणाऱ्या मुलांवर एक काम सोपवावे. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेले की, त्यांनी एक रविवार गावात येऊन गाळ उपसण्यास हातभार लावावा, आणि त्याची तारीख ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे त्यांचा असावा. तळे कोमुनिदादीच्या किंवा देवस्थानच्या मालकीचे असल्यास लेखी परवानगी घ्यावी आणि निघालेला गाळ शेतकऱ्यांना वाटून द्यावा. हा ठराव उत्सवाच्या बैठकीतच मांडावा, कारण सगळी घरे एकत्र येतात ती तेव्हाच.