नोकरीआधी प्रवास शिकवा

नवीन जॉब कोच, म्हणजे बौद्धिक दिव्यांग माणसाला नोकरीसाठी तयार करणारा, पहिल्या दिवसापासून पॅकिंग शिकवायला लागतो. घाई नको. काम जमलेलं असतं, तरी नोकरी बरेचदा लोकलमुळे सुटते.

प्रवासाचे तुकडे पाडा: घर ते स्टेशन, पूल, फलाट, दिव्यांग डबा, उतरणं. सुरुवातीला सगळं सोबतीने करा, फक्त शेवटचा तुकडा त्या माणसाला एकट्याने करू द्या. तो जमला की त्याच्या आधीचा. मग तुम्ही दहा पावलं मागे, पुढे शेजारच्या डब्यात. फसतं ते फलाटावरच्या गाडी दाखवणाऱ्या इंडिकेटरवर. दादरहून करी रोडला जायचंय आणि जलद गाडी पकडली, तर थेट भायखळा. म्हणून मुद्दाम चुकीच्या गाडीत बसून सराव घ्या: उतरायचं, फलाट सोडायचा नाही, फोन करायचा. पावसाळ्याआधीच.

एकेकाळी चटपटीत असलेला माणूस मंदावला, तर लगेच आळशी ठरवू नका. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइड तपासा. ती तपासणी तशीही दरवर्षी हवीच. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात 1 लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, त्याचं नूतनीकरण चुकवू नका.

आणि तिशीच्या माणसाला ‘बाळ’ म्हणू नका, सहकारीही तेच उचलतात.