घरात कोणीच वाचत नसेल, तर मुलाला वाचनाची गोडी लागू शकते का?

लागते. आमच्या घरात छापील म्हणावं असं कालनिर्णय आणि रेशनकार्ड एवढंच होतं, तरी मला लागली.

तुमचा मुलगा सहावीत आहे, तुम्हा दोघांनाही वाचायची सवय नाही, आणि "घरात वातावरण नसेल तर काही उपयोग नाही" असं तुम्हाला शाळेत कोणीतरी ऐकवलं, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मालवणकडचे गाबीत, म्हणजे मासेमारी करणारे. बाबा होडीवर, आई बाजारात मासे विकायला. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारल्या की धंदा बंद. हल्ली सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोणी होडी पाण्यात लोटत नसे. ते दिवस जाळी दुरुस्त करायचे. पडवीत जाळं पसरायचं आणि बाबा, काका, शेजारचे दोघेतिघे भोवती बसायचे. फाटलेला आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, शोधायचा, कडा कापून सारख्या करायच्या, सुईवर गुंडाळलेल्या दोऱ्याने तो नव्याने विणायचा, गाठ ओढून बघायची, मग पुढचा. हात आणि डोळे पूर्ण गुंतलेले, कान मात्र मोकळे.

धाकटा काका मुंबईला होता. मे महिन्यात येताना तो कोणाकडचे तरी जुने दिवाळी अंक घेऊन यायचा. (दिवाळी अंक ही चाल १९०९ साली 'मनोरंजन'ने पाडली आणि ते काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आमच्या सावंतवाडीकडच्या आजगावचे. कोकणातल्या मुलांना हे शाळेत कोणी सांगत नाही, सांगायला हवं.) एका पावसात बाबा म्हणाले, "गो, कायतरी वाच बघूया." मी अंक उघडला तर वादळात सापडलेल्या गलबताची गोष्ट. जोडाक्षर आलं की मी अडखळायचे, पण चूक काढणारं तिथे कोणी नव्हतं. अडखळले की ते थांबायचे, सुटले की पुन्हा ऐकायचे.

आणि ऐकताना भांडायचे. "असल्या वाऱ्यात शीड कोण उभारता? लिवणाऱ्यान दर्यो बघूक नाय!" असं म्हणून काका अक्षरशः चिडला. दुसरा म्हणाला, तांडेल (होडीचा म्होरक्या) घाबरला की असंच करतो. दोघांची जुंपली, म्हणून मी वाचायची थांबले, तर दोघेही माझ्यावरच, "थांबलंस कित्याक? फुडचा वाच!" लेखकाशी असं भांडता येतं हे मला तिथे कळलं. पुढे कॉलेजात समीक्षा म्हणून जे शिकवलं, त्यात या पडवीतल्याइतका जीव मला कधी सापडला नाही.

त्या गोष्टीची शेवटची पानं फाटलेली होती. मग प्रत्येकाने आपापला शेवट लावला. बाबांच्या शेवटात सगळा माल समुद्रात टाकून माणसं वाचली. मला मात्र लिहिणाऱ्याचा शेवट हवा होता. म्हणून मी बाजारातल्या वाचनालयात गेले. टेबलामागच्या माणसाने कोणाची, कुठली विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "तुमच्या घरात वाचतं कोण? पुस्तकाला मासळीचा वास लागेल." दिलं नाही.

शाळेतल्या आमच्या बाईंनी मग स्वतःच्या नावावर पुस्तकं काढून मला दिली. तो अंक कधीच मिळाला नाही, पण दुसऱ्या गोष्टी मिळाल्या आणि पडवीत पाऊस संपेपर्यंत पुरल्या. आई साबणाने हात धुतल्याशिवाय मला पुस्तकाला शिवू देत नसे आणि ते प्लास्टिकच्या पिशवीतूनच परत जायचं. कसर लागलेली पुस्तकं त्या वाचनालयाच्या कपाटात होती. माझ्याकडून गेलेल्या एकाही पुस्तकावर डाग नव्हता.

तो टेबलामागचा माणूस आज हयात नाही, पण त्याचं म्हणणं अजून जिवंत आहे आणि तुमच्यापर्यंत पोचलंय, म्हणून ठणकावून सांगते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे त्या कपाटातल्या पुस्तकांत मासे विकणाऱ्या बाईचाही पैसा आहे. तिच्या मुलीला "तुमच्यात वाचतं कोण" विचारायचा अधिकार कोणालाही नाही.

आता तुमच्या मुलाचं. मला गोडी लागली कारण त्या पडवीत माझं वाचन कोणाला तरी हवं होतं. घरात पुस्तकांची भिंत असून मुलाला कोणी ऐकतच नसेल, तर ती भिंत शोभेची. तुम्हाला वाचायची सवय नाही ना? मग ऐका. भाजी निवडताना, मासे साफ करताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्याला वाचायला सांगा. मध्येच उच्चार सुधारू नका. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न तर चुकूनही विचारू नका, त्याने मी मी म्हणणाऱ्या मुलांचं वाचन सुटलेलं पाहिलंय. विचारायचंच असेल तर "मग पुढे काय झालं?" विचारा, आणि खरोखर जाणून घ्यायचं असेल तरच.

हे सगळ्यांना लागू पडतं असं मात्र नाही. माझा भाऊ त्याच पडवीत, त्याच जाळ्यावर बसून सगळं ऐकायचा. त्याने पुढे स्वतःहून एक पुस्तक उघडलं नाही. आज तो तांडेल आहे आणि त्या गोष्टी त्याला माझ्यापेक्षा नीट आठवतात. शिवाय सहावीतही अक्षरं उलटसुलट दिसत असतील, एकेका ओळीला घाम फुटत असेल, तर आधी डोळे तपासा, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. अशा मुलाला चारचौघांत मोठ्याने वाचायला लावणं म्हणजे छळ होईल.

पुस्तकं कोणती आणू, असंही विचारलंय. यादी मी देणार नाही. त्याला वाचनालयात नेऊन कपाटासमोर उभं करा आणि भुताची गोष्ट उचलली तरी घेऊ द्या. काउंटरवर कोणी "हे याच्या वयाचं नाही" म्हणालं, तर तुमच्या नावावर घ्या.