पिटकुळीची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : आमचे घर मालवणजवळ किनाऱ्यालगत आहे, परंतु नोकरीनिमित्त आम्ही मुंबईत असल्याने गणपती, शिमगा आणि मे महिना वगळता ते बंदच असते. फारशी निगा लागत नाही म्हणून गतवर्षी गडगा (दगडी कुंपण) काढून बांधलेल्या सिमेंटच्या नव्या भिंतीलगत पिटकुळीची रोपे लावली. आता त्यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. रोपे काढून दुसरे काही लावावे का?

उत्तर : रोपे मुळीच टाकून देऊ नका. बारमाही हिरवी राहणारी आणि बहुतेक वर्षभर फुलणारी पिटकुळी, म्हणजे रोपवाटिकेतील इक्झोरा, बंद घराच्या अंगणासाठी अतिशय योग्य आहे. चुकली आहे ती जागा. कॉफीच्याच कुळातील या झुडपाला आम्लधर्मी माती मानवते आणि आपल्याकडील जांभ्याची तांबडी माती तशीच असते. परंतु नव्या भिंतीतून उतरणारा चुना आणि पायथ्याशी पुरलेले गिलाव्याचे तुकडे तेथील माती अल्कधर्मी करतात, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. जुन्या पानांऐवजी शेंड्याची पाने आधी पिवळी पडणे आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसणे, ही लोहाच्या कमतरतेचीच खूण आहे. शिंपल्यांचा चुरा असलेल्या पुळणीतही, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतही, हेच घडते.

पावसाळा सुरू होताच रोपे मुळांभोवतीच्या मातीसह उचलून भिंतीपासून किमान तीन फुटांवर, पाणी साचणार नाही अशा जागी लावावीत. खड्डा दीड फुटाचा घेऊन त्यात जांभ्याची माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरावे. तोपर्यंत लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावा. मात्र तो फरशीवर सांडू देऊ नये, कारण त्याचे गंजासारखे डाग निघत नाहीत. हिराकस हा तात्पुरता उपाय आहे, माती बदलल्याशिवाय नवी पालवी पुन्हा पिवळीच येईल.

‘निगा लागत नाही’ हे मुरलेल्या झुडपाबद्दल खरे आहे, नव्या रोपाबद्दल नाही. पहिले दोन उन्हाळे शेजारच्या कोणाला तरी आठवड्यातून दोनदा पाणी घालण्याची विनंती करावीच लागेल. बुंध्याभोवती नारळाची सोडणे (काथ्याची साले) आणि सुका पाला पसरला, तर ओल बरीच टिकते. समुद्राकडून थेट येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून घराच्या आडोशाची, पण चार-पाच तास ऊन मिळणारी जागा निवडावी.

छाटणीबाबत एक कळकळीची सूचना आहे. मे महिन्यात घरी आल्यावर सारे कुंपण कात्रीने सपाट करून घेण्याची पद्धत आहे, पण या झुडपाचे गुच्छ फांदीच्या टोकालाच येतात, त्यामुळे अशा छाटणीत येणारा बहरच कापला जातो. सुकलेला गुच्छ त्याखालच्या एका पानजोडीसह खुडला, की बगलेतून दोन नवे फुटवे निघतात आणि त्या दोन्हींच्या टोकांना पुढे फुले धरतात.