‘समर्पित भाकर’ की ‘समक्षतेची भाकर’?

प्रश्न असा आहे की मराठी बायबलाच्या एका आवृत्तीत ‘समर्पित भाकर’ आणि दुसरीत ‘समक्षतेची भाकर’ असे शब्द आढळतात, तर ही भाकर एकच का, मूळ शब्दाचा अर्थ काय, ख्रिस्ती माणसाला तिच्यात कोणता संकेत दिसतो, आणि तिला सरळ ‘नैवेद्य’ का म्हणू नये?

भाकर एकच आहे: प्राचीन इस्राएलाच्या उपासनास्थानात देवासमोर नित्य मांडून ठेवलेली. मूळ हिब्रू शब्द ‘लेखेम हापानीम’. ‘लेखेम’ म्हणजे भाकर, अन्न; ‘बेथलेहेम’ या गावाच्या नावात तोच शब्द असून त्या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा सांगतात. ‘पानीम’ म्हणजे मुख, चेहरा. तेव्हा शब्दशः ही ‘मुखाची भाकर’ होय. बायबलातील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील आज्ञेत हिब्रूने हा शब्द फार सुंदर खेळवला आहे: ‘लेखेम पानीम लेफानाय तामीद’, म्हणजे मुखाची भाकर माझ्या मुखासमोर नित्य. ‘पानीम’ आणि ‘लेफानाय’ एकाच शब्दाची रूपे आहेत, आणि तो नाद अनुवादात टिकवणे जवळजवळ अशक्य आहे.

ग्रीक अनुवादकांनी पुढे ‘मांडून ठेवलेल्या भाकरी’ या अर्थाचा शब्द रूढ केला आणि लॅटिननेही तोच अर्थ उचलला. तोही निराधार नाही, कारण हिब्रूतच बायबलातील ‘इतिहास’ नावाच्या ग्रंथांत ‘रांगेची भाकर’ असे तिचे दुसरे नाव येते. मराठीतील ‘समर्पित’ हा शब्द ‘मुख’ आणि ‘मांडणी’ हे दोन्ही अर्थ सोडून अर्पणाकडे वळतो. ‘लेवीय’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात ही भाकर परमेश्वराच्या अर्पणांत गणली आहे, म्हणून त्याला चूक म्हणता येत नाही. तरीही माझे मत ‘समक्षतेची’ या शब्दाच्या बाजूचे आहे. ‘समक्ष’मध्ये मुख नसून ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे, पण समोरासमोर असण्याचा भाव त्यात शाबूत राहतो, आणि ख्रिस्ती अर्थाचा सारा धागा त्या भावालाच बांधलेला आहे.

आता वस्तू कशी होती ते पाहू, कारण ‘भाकर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तव्यावरची ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी येते. ही सपिठाची, म्हणजे उत्तम गव्हाच्या पिठाची होती आणि एकेका भाकरीला ‘एफा’ या जुन्या मापाचे दोन दशांश, म्हणजे आजच्या मापाने सुमारे चार-साडेचार लिटर पीठ लागे. अशा बारा भाकरी सहा-सहाच्या दोन रांगांत मांडत. त्यांचे मेज बाभळीच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले, दोन हात लांब, एक हात रुंद आणि दीड हात उंच असे. निवासमंडपात, म्हणजे इस्राएलाच्या तंबूरूपी उपासनास्थानात, ते उत्तरेला आणि दीपवृक्ष त्याच्यासमोर दक्षिणेला असे. दर शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ताज्या भाकरी ठेवायच्या, आणि उतरवलेल्या भाकरी महायाजक अहरोन व त्याच्या वंशजांनी पवित्र स्थानी खायच्या. यहुदी परंपरेतील मिश्ना हा नियमसंग्रह सांगतो की जुन्या उचलणारे आणि नव्या ठेवणारे याजक मेजाच्या दोन बाजूंना उभे राहत आणि एकीकडून भाकर सरकताच दुसरीकडून नवी येई, जेणेकरून मेज क्षणभरही रिकामे राहू नये. ‘तामीद’, म्हणजे ‘नित्य’, हा शब्द त्यांनी इतक्या काटेकोरपणे पाळला होता.

‘नैवेद्य’ हा शब्द इथे का बसत नाही, ते यावरूनच कळते. नैवेद्य देवाला दाखवून प्रसाद म्हणून सर्वांना वाटला जातो. ही भाकर मात्र आठवडाभर समोर राहते आणि फक्त याजक खातात. अग्नीत जातो तो रांगांवर ठेवलेला शुद्ध धूप. शिवाय बारा हा आकडा इस्राएलाच्या बारा वंशांचा मानला जातो, आणि लेवीय हिला सर्वकाळचा करार म्हणतो. म्हणजे देवाला जेवू घालणे हा हेतू नसून अखंड प्रजा त्याच्या नजरेसमोर राहणे हा आहे.

ख्रिस्ती वाचक इथूनच पुढे जातो. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, “मीच जीवनाची भाकर आहे”. म्हणून पूर्वी प्रजेच्या वतीने देवासमोर राहणारी भाकर आता एका व्यक्तीत पाहिली जाते, जी देवासमोर माणसांची आणि माणसांसमोर देवाची. दुसरा दुवा भाषेचा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. लेवीयाच्या ग्रीक अनुवादात या भाकरींच्या संदर्भात ‘आनाम्नेसिस’, म्हणजे स्मरण, हा शब्द आहे, आणि लूकच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी “माझ्या स्मरणार्थ हे करा” या वाक्यात तोच ग्रीक शब्द आहे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती पंडित ओरिगेन याने या दोन जागा एकत्र वाचल्या होत्या. चौथ्या शतकातील यरुशलेमचा बिशप सिरिल मात्र नवदीक्षितांना सांगतो की त्या भाकरी जुन्या कराराच्या होत्या आणि त्याबरोबरच संपल्या. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेची भाकर ज्या मेजावर सिद्ध करतात, त्याचे नाव आजही ‘प्रोथेसिस’ आहे. ‘मांडून ठेवलेल्या भाकरी’ या ग्रीक शब्दप्रयोगातलाच तो शब्द आहे.

एक प्रसंग मात्र या साऱ्या अर्थाला वेगळे वळण देतो. शौल राजापासून पळणारा भुकेला दावीद नोब या गावी अहीमलेख याजकाकडे येतो, दुसरे अन्न नसल्याने याजक त्याला पवित्र भाकर देतो, आणि येशू शब्बाथाच्या वादात नेमका हाच दाखला पुढे करतो. समोर ठेवण्याची भाकर तिथे भुकेल्याच्या हाती गेली आहे. म्हणूनच इथे ‘भाकर’ हाच शब्द योग्य वाटतो, ‘पाव’ नव्हे. “आमची रोजची भाकर आज आम्हाला दे” या प्रार्थनेतली भाकर आणि सोन्याच्या मेजावरची भाकर यांना मराठीत एकच नाव आहे, तसे ते हिब्रूतही एकच आहे.