झाकण लावल्यावर बाटलीत काय चालतं? घरच्या बिअरबद्दल वाचकांचे प्रश्न

घरी बिअर करणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठले होते, ते यावेळी एकत्र घेतोय, कारण बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडलीये, बाटली भरून झाकण लावल्यानंतर. उत्तरांच्या आधी एवढं लक्षात घ्या की या बाटलीतली बिअर जिवंत असते. आत यीस्ट आहे, त्याला आपण भरताना थोडी साखर देतो, ती खाऊन ते थोडंसं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साईड तयार करतं, आणि झाकण घट्ट असल्यामुळे गॅसला पळायला वाट नसते म्हणून तो बिअरमध्येच विरघळतो. यीस्टला काय हवंय हे बघितलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न: बाटल्या भरून दहा दिवस झाले. एक उघडली तर बारीक फुस्स झालं आणि बस, फेस नाही आणि चवही गोडसर. साखर वजन करून घातली होती, बिअर खराब होऊ नये म्हणून लगेच सगळ्या बाटल्या फ्रिजमध्येही ठेवल्या. आता ओतून द्यायची का?

अजिबात ओतू नका, तुमच्या बिअरला काहीही झालेलं नाहीये. तुम्ही यीस्टला झोपवलंत एवढंच. फ्रिजच्या थंडीत एल यीस्ट (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) जवळजवळ काम बंद करतं, साखर तशीच पडून राहते आणि म्हणूनच तुम्हाला ती गोडसर लागतेय. सगळ्या बाटल्या बाहेर काढा, १८ ते २४ अंशांत, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवा, ठेवायच्या आधी प्रत्येक बाटली एकदा हळूच उलटी करून तळाचं यीस्ट वर उठवा, आणि मग दोन ते तीन आठवडे त्यांना हात लावू नका. दहा दिवस तसेही कमीच होते.

गॅस तयार झाल्यावर मात्र फ्रिज लागतोच. थंड बिअरमध्ये गॅस जास्त मुरतो, गरम बाटली उघडली तर झाकणाखालचा गॅस भस्सकन निघून जातो आणि ग्लासात फेसाचा डोंगर, खाली बिअर फ्लॅट. निदान एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन दिवस थंड करा आणि मग उघडा. दरवेळी काचेची बाटली उघडून बघायची नसेल तर पुढच्या वेळी सोड्याची एक प्लास्टिकची बाटली स्वच्छ करून तीही भरा, थोडी दाबून आतली हवा काढायची आणि झाकण लावायचं. ती दगडासारखी टणक झाली की बाकीच्यांतही गॅस धरलाय असं समजायला हरकत नाही.

प्रश्न: प्रायमिंगची, म्हणजे बाटल्या भरताना गॅससाठी घालायची साखर नक्की किती? कुणी म्हणतं बाटलीला एक चमचा, कुणी म्हणतं अर्धा, आणि काही हिशोबात बिअरचं तापमान विचारतात ते कशाला?

चमचा विसरा, वजनकाटा घ्या. चमचा कधी सपाट भरतो कधी शिगोशीग, आणि मग एक बाटली फ्लॅट तर शेजारची उसळतेय असं होतं.

हिशोब सोपा आहे. बिअरमधला गॅस व्हॉल्यूममध्ये मोजतात, एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस, वजनात साधारण २ ग्रॅम. साखरेचा जवळपास निम्मा भाग गॅस होतो, म्हणून लिटरला ४ ग्रॅम साध्या साखरेमागे एक व्हॉल्यूम धरा. आता तापमानाचं. आंबून झालेल्या बिअरमध्ये आधीचा थोडा गॅस राहिलेलाच असतो, २० अंशांवर तो साधारण ०.८५ व्हॉल्यूम. तुम्हाला नेहमीच्या एलसारखा २.४ हवा असेल तर कमी पडतोय १.५५, म्हणजे लिटरला ६.२ ग्रॅम, २० लिटरला १२४ ग्रॅम, अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३ ग्रॅमच्या किंचित वर. साखरेऐवजी डेक्स्ट्रोज वापरत असाल तर साधारण दहा टक्के जास्त घ्या, त्यात थोडं पाणी असतं.

आणि इथे लोक हमखास फसतात. आंबणं २० अंशांवर संपलं, मग गाळ बसावा म्हणून फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, दोन दिवस २ अंशांवर ठेवला, तर हिशोबात २० घालायचे, २ नाही. एअरलॉकमधून (फर्मेंटरच्या झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) निघून गेलेला गॅस नुसता थंड केल्याने परत येत नाही. आंबणं संपल्यानंतर बिअरने जे सगळ्यात जास्त तापमान बघितलं ते धरायचं.

स्टाईलप्रमाणे आकडा बदला. बिटर नावाची ब्रिटिश एल १.५ ते २ मध्ये छान लागते, जर्मन गव्हाच्या बिअरला ३.५ च्या आसपास लागतो, पण त्यासाठी जाड काचेच्या बाटल्या हव्यात. साखर थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करा, रिकाम्या स्वच्छ भांड्यात आधी ती ओता आणि नळीचं टोक तळाला ठेवून बिअर तिच्यावर सोडा, म्हणजे गोल फिरत आपोआप मिसळते. वरून एकदा हळूच ढवळा, खळबळ नको, या टप्प्याला हवा मिसळली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. भरताना वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा.

प्रश्न: तीन आठवड्यांनी रात्री कपाटात दोन बाटल्या फुटल्या, काचा दारापर्यंत उडाल्या. साखर तुमच्या वरच्यासारखीच मोजून घातली होती. उरलेल्यांचं काय करू? हात लावायला भीती वाटतेय.

भीती वाटतेय ते बरोबरच आहे, ती बाजूला सारू नका. आधी डोळ्यांवर गॉगल, हातात जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचं जाड कापड अंगात. लहान मुलं आणि प्राणी त्या खोलीत नकोत. बाटल्यांवर जाड ब्लँकेट टाका, खोली जमेल तेवढी थंड करा, आणि मग एकेक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून थंड जागी नेऊन ठेवा. थंड झालं की दाब उतरतो आणि यीस्टही थांबतं. पूर्ण थंड झाल्यावर सिंकमध्ये धरून, वरून टॉवेल ठेवून, झाकणाची कड किंचित उचला, गॅस सोडा. बिअर वाचवण्याच्या नादात पडू नका, डोळा परत मिळत नाही.

आता कारण. साखर बरोबर होती, म्हणजे बिअर आंबून पूर्ण झालेली नव्हती. समजा ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, साखर संपेल तशी ती उतरते) १.०१० ला यायला हवी होती आणि तुम्ही १.०१६ ला बाटल्या भरल्या. प्रत्येक पॉइंट, म्हणजे ०.००१, बाटलीत उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस होतो, म्हणजे सहा पॉइंटचे तीन, त्यात तुमचे २.४, झाले पाचाच्या वर. साध्या बिअरच्या बाटलीत तीनच्या पुढे मी कधीच जाणार नाही.

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं लोक धरून चालतात, आणि मला या सगळ्या छंदात सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. झाकण थोडं सैल असेल तर बुडबुडे आधीच थांबतात, खोली गार झाली तरी थांबतात. कॅलेंडर बघूनही कळत नाही. हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी, बुडवा, तीन दिवसांनी परत बुडवा, आकडा तोच हवा, आणि तो त्या रेसिपीला शोभेल असाही हवा. १.०२० वर अडकलेला आकडाही स्थिर दिसतो पण गरम खोलीत बाटलीत गेल्यावर तेच यीस्ट परत जागं होऊ शकतं. शंका असेल तर थोडी बिअर वेगळी काढून त्यात भरपूर यीस्ट घाला आणि उबेत ठेवा, ती जिथे थांबेल तिथपर्यंत तुमची मोठी बॅच उतरू शकते हे कळतं.

शेवटी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकले असतील तर त्यानंतर पुन्हा मोजा. हॉप्समध्ये असे एन्झाइम असतात जे यीस्टला न खाता येणाऱ्या मोठ्या साखरा तोडून देतात आणि थांबलेली बिअर परत हळूहळू आंबायला लागते. तिसरा संशयित म्हणजे जंगली यीस्ट, ते नळीत, नळाच्या खाचेत लपून राहतं आणि नेहमीचं यीस्ट सोडतं तेही खातं. पण तिथे सुरुवातीला बाटल्या छान असतात आणि महिना-दोन महिन्यांनी प्रत्येक बाटली आधीच्यापेक्षा जास्त उसळते, चवही पातळ होत जाते. असं होत असेल तर प्लास्टिकच्या नळ्या धुवत बसू नका, बदला.

प्रश्न: तळाला गाळ बसतो तो प्यायला चालतो का?

चालतो, यीस्टच आहे, फारफार तर पोट थोडं गुरगुरेल. नको असेल तर बाटली उभी ठेवून थंड करा, एका धारेत ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडा. गव्हाच्या बिअरला मात्र तो मुद्दाम हलवून ओततात आणि ऑस्ट्रेलियात कूपर्स या कंपनीच्या एलची बाटली उघडायच्या आधी आडवी लोळवणारे कितीतरी जण आहेत. आवडीचा प्रश्न आहे.

प्रश्न: दहा टक्क्यांची बेल्जियन स्टाईल बिअर चार महिने फर्मेंटरमध्ये मुरवलीये. आता बाटलीत भरली तर गॅस येईल का? की सरळ सिलिंडरने गॅस भरू?

सिलिंडरने भरलीत तर गॅस नक्की येईल आणि लवकर येईल, त्यात वाईट काही नाही. पण अशा बिअरला मी बाटलीतच गॅस धरू देईन, कारण भरताना आत शिरलेला ऑक्सिजन यीस्ट काम करता करता बराचसा खाऊन टाकतं आणि वर्षभर ठेवायच्या बिअरला त्याचा फार उपयोग होतो. बेल्जियममधल्या ऑर्व्हाल या ट्रॅपिस्ट मठाच्या ब्रुअरीत तर बाटलीत ब्रेटॅनोमायसिस नावाचं वेगळंच यीस्ट घालतात आणि ताजी बाटली आणि वर्षभर ठेवलेली बाटली यांची चव स्पष्ट वेगळी लागते.

तुमची अडचण अशी की चार महिने एवढ्या अल्कोहोलमध्ये राहिलेलं यीस्ट थकलेलं असतं, बरंचसं तळाला जाऊन बसलेलं. ताजं यीस्ट घाला. जास्त अल्कोहोल सोसणारं, बाटलीत गॅस धरण्यासाठीच विकतात तसलं कोरडं यीस्ट चांगलं, वाइनचं किंवा शॅम्पेनचंही चालतं, ते मोठ्या साखरांना सहसा हात लावत नाही. २० लिटरला दोन ग्रॅम पुरतात, कोमट पाण्यात भिजवून साखरेच्या पाकासोबत भांड्यात घाला, पण पाक आधी पूर्ण गार झालेला हवा. बाटल्या जाड घ्या, २० अंशांच्या खाली ठेवू नका, आणि तीन आठवड्यांत फेस आला नाही म्हणून घाबरू नका, या बिअरला दोन महिनेही लागतात. सहा आठवड्यांनी एक थंड करून बघा, फ्लॅट असेल तर बाकीच्या तिथेच उबेत राहू द्या.