किल्टच्या प्लीट्स मापात का बसत नाहीत?

प्रश्न : बॅगपाइप बँडसाठी हातानं किल्ट (मागे प्लीट्स म्हणजे चुण्या असलेला, चौकड्यांचा स्कॉटिश घागरा) शिवतेय. टाचण्या लावल्या तेव्हा माप बरोबर होतं, शिवल्यावर मागचा भाग रुंदीला आखूड झाला आणि रेघाही सरकल्या.
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : प्रत्येक प्लीटमध्ये १ मिलिमीटर जादा गेला, तरी २४ प्लीट्समध्ये २.४ सेंटिमीटर जातात. चूक इथेच होते. मागचा भाग कमरेवर ३८.४ आणि नितंबांवर ४८ सेंटिमीटर हवा असेल, तर प्रत्येक प्लीट वर १.६ आणि खाली २ सेंटिमीटर दिसली पाहिजे. दोन्ही मापं पुठ्ठ्यावर कापून ठेवा, दर वेळी टेप लावत बसू नका.

रेघांसाठी : एका प्लीटवर चौकड्याचा नमुना जिथे थांबतो, तिथूनच पुढच्या प्लीटवर सुरू झाला पाहिजे. टाचणी दुमडीला आडवी, प्रत्येक आडव्या रेघेवर लावा. उभी लावली की कापड घसरतं. सुलट बाजूनं, दुमडीच्या अगदी कडेला बारीक टाके घाला, फक्त नितंबांपर्यंत. दोरा ओढू नका. आखूडपणाचं ते दुसरं कारण. दोऱ्याचा रंग दुमडीवरच्या रेघेचाच घ्या. पाच-सहा प्लीट्स झाल्या की मोजा, चुकलं तर तिथेच उसवा. खालच्या मोकळ्या प्लीट्सना कच्चा दोरा घालून ओल्या फडक्यावरून इस्त्री करा. दोरा कापड पूर्ण वाळल्यावरच काढा.